पेट्रोझावोद्स्क ते सांदरमोख, एका दिवसाची गाडी आणि गाईड: माझा अनुभव

रशियात कारेलिया प्रांताची राजधानी पेट्रोझावोद्स्क, तिथे एमबीबीएस करणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी आणि तिकडे फिरायला जाणाऱ्या कुणासाठीही हे लिहितेय. मी तिथे सहा वर्षं काढली, आता परत येऊन इंटर्नशिप चालू आहे. मध्ये एका ज्युनिअरचा मेसेज आला की ताई सुट्टीत कुठे जाऊ, तर किझी बेट आणि रुस्केआलाची संगमरवराची खाण सगळेच सांगतात, म्हणून मी तिला सांदरमोखचं नाव सांगितलं, स्टॅलिनच्या काळात गोळ्या घालून मारलेल्या हजारो माणसांना जिथे पुरलंय ते जंगल. ती म्हणाली तिथे काय बघायचंय? मी फोनवर वीस मिनिटं बोलले तरी नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. लांब झालंय पण पूर्ण वाचा.

आधी गाडीचं सांगते. एक स्थानिक काका स्वतःची गाडी घेऊन दिवसभराच्या ट्रिपा करतात, ड्रायव्हर तेच आणि गाईडही तेच. त्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही आणि विषयही तसा आहे. सिनिअर बॅचला विचारा, मिळेल. आम्ही चौघं होतो, मी, माझी केरळची रूममेट आणि दोन ज्युनिअर मुलं, एक नांदेडचा एक सांगलीचा. गाडीचे सोळा हजार रूबल झाले म्हणजे प्रत्येकी चार, जेवण वेगळं. सकाळी सातला हॉस्टेलच्या दारात गाडी उभी, रात्री साडेनऊला परत सोडलं. सप्टेंबर संपत आला होता, बर्चची पानं पिवळी झालेली, पाऊस नव्हता. सीझन म्हणून हाच बेस्ट, डास गेलेले असतात आणि बर्फ अजून पडलेला नसतो.

त्यांचा नेहमीचा प्लॅन असा की वाटेत किवाच धबधबा, मग मेदवेझ्येगोर्स्कला जेवण, मग सांदरमोखला चाळीस मिनिटं, मग पोवेनेत्सला कालव्याचे लॉक, म्हणजे बोट वर-खाली न्यायचे पाण्याचे कप्पे, बघायचे आणि परत. मी आधीच मेसेज करून सांगितलं होतं की किवाच आम्ही पाहिलाय, तो काढा आणि सांदरमोखला तीन तास द्या. त्यांनी फोन करून विचारलं, तुम्ही इंडियन ना, तुमचं कोण आहे तिथे? मी म्हटलं कोणी नाही, बघायचंय. थोडा वेळ काही बोलले नाहीत मग म्हणाले ठीक आहे, पैसे तेवढेच, वेळ हवा तेवढा घ्या. मला तिथेच माणूस पटला.

रस्ता चांगला आहे, मुरमान्स्ककडे जाणारा मोठा हायवे, एका बाजूने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना जंगल, तळी, परत जंगल. काकांना इंग्लिश अजिबात येत नाही हे लक्षात ठेवा, रशियन पण भराभर बोलतात, मी पुढे बसून ट्रान्सलेट करत होते आणि मागे तिघांना अर्धंच ऐकू जात होतं. तुमच्यात एकाला तरी बऱ्यापैकी रशियन यायलाच पाहिजे नाहीतर या ट्रिपचा अर्धा जीव जाईल, कारण या ट्रिपचा जीव म्हणजे काका जे बोलतात ते. आणि ते सगळा वेळ एकाच माणसाबद्दल बोलत होते, युरी दिमित्रियेव.

हे नाव मी सहा वर्षं त्याच गावात राहून ऐकलं नव्हतं, ते तिथलेच असून. जन्म पेट्रोझावोद्स्कचा, २८ जानेवारी १९५६. खरे आईबाप कोण ते त्यांना माहीत नाही, अनाथालयातून एका लष्करी अधिकाऱ्याच्या घराने दत्तक घेतलं, लहानपणाचा काही काळ पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला गेला, आणि आपण दत्तक आहोत हे कळलं चौदाव्या वर्षी. इतिहासाची डिग्री नाही, प्रोफेसर नाही, कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी नाही. दाढीवाला, केस मागे बांधलेला, जंगलात हिंडायचे ते मिलिटरी रंगाचे कपडे घातलेला माणूस, काकांनी त्यांना शहरात कितीदा बघितलेलं.

१९८८ मध्ये ते एका लोकप्रतिनिधीचे मदतनीस होते. शहराजवळ बेसोवेत्सला एक्स्कॅव्हेटरने खोदताना माणसांची हाडं निघाली, बरीच. अधिकारी जमले, आणि प्रत्येकजण म्हणतो हे माझ्या खात्याचं नाही. कुणालाच ती हाडं नको होती. दिमित्रियेव म्हणाले मी घेतो. त्यांनी ती गोळा केली, पुढे नीट दफन व्हावं म्हणून खटपट केली, आणि तिथून पुढची जवळजवळ तीस वर्षं हेच काम. काकांनी ही गोष्ट सांगताना स्टिअरिंगवरचा एक हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, सगळं यावरून कळतं बघ, बाकी माणसं पाय मागे घेत होती तेव्हा हा पुढे गेला.

तेव्हा नुकतीच अर्काइव्ह थोडी थोडी उघडायला लागली होती. १९३७-३८ मध्ये स्टॅलिनच्या काळात कारेलियात ज्यांना गोळ्या घातल्या त्यांच्या याद्या गुप्त पोलिसांच्या अर्काइव्हमध्ये पडून होत्या. फोटो काढायची, कॉपी करायची परवानगी नाही. मग दिमित्रियेव तिथे बसून टेपरेकॉर्डरमध्ये नावं वाचायचे, आडनाव, नाव, बापाचं नाव, जन्मसाल, धंदा, गोळी घातल्याची तारीख, आणि घरी येऊन रात्री ऐकून ऐकून टाइप करायचे. मला तर वॉर्डातल्या चाळीस पेशंटची लिस्ट उतरवताना हात दुखतो. हे हजारोंचं काम. त्यांच्या जोडीला इव्हान चुखिन होते, ते पोलीस खात्यातले मोठे अधिकारी होते आणि पुढे लोकप्रतिनिधीही, म्हणजे खात्याचाच माणूस स्वतःच्या खात्याच्या जुन्या फायली उघडत होता. चुखिन १९९७ मध्ये कार ॲक्सिडेंटमध्ये गेले. काम अर्धवट राहिलेलं, दिमित्रियेव यांनी एकट्याने पूर्ण केलं आणि २००२ मध्ये कारेलियाच्या मृतांची यादी पुस्तकरूपाने छापली, तेरा हजारांहून जास्त नावं. दोघांचीही नावं लेखक म्हणून, गेलेल्या मित्राचंही. जाडजूड ठोकळा आहे. काकांच्या गाडीत मागच्या सीटच्या खिशात त्याची एक वापरून मऊ झालेली प्रत होती आणि ती त्यांनी आमच्या हातात दिली, जाताना सगळा वेळ आम्ही ती चाळत होतो. लाकूडतोड्या, मच्छीमार, कारकून, शाळामास्तर, सुतार, घरकाम करणारी बाई. प्रत्येकाला तीन-चार ओळी, बस.

मेदवेझ्येगोर्स्कला, सगळे मेदगोराच म्हणतात, दहाच्या आधी पोचलो. चहा घेतला आणि पोवेनेत्सच्या रस्त्याला लागलो. एकोणीसेक किलोमीटर. रस्त्याच्या कडेला पाटी, मग आत जंगलात वाट. सांदरमोख हे तिथल्या एका जुन्या वाडीचं नाव, वाडी कधीचीच उठलीय.

आता ती जागा कशी सापडली ते ऐका, कारण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हेच भिडलं. पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्की बेटांवर मोठा तुरुंग होता. ३० जुलै १९३७ ला गुप्त पोलिसांची ऑर्डर नंबर ००४४७ निघाली, त्यात प्रत्येक प्रांताला आकडे ठरवून दिलेले, इतक्यांना गोळ्या घाला, इतक्यांना कॅम्पात पाठवा. सोलोव्कीच्या तुरुंगाला बाराशेचा आकडा. त्याप्रमाणे तिथून हजारावर कैदी बाहेर काढले आणि ते नाहीसे झाले. त्यांच्या घरचे साठ वर्षं शोधत होते. लोक म्हणायचे जहाजात भरून समुद्रात बुडवलं. मग स्टॅलिनच्या काळातल्या बळींची नोंद ठेवणाऱ्या मेमोरियल संस्थेचे सेंट पीटर्सबर्गचे व्हेनियामिन इओफे आणि इरिना फ्लिगे यांना कागद मिळाले, गुप्त पोलिसांतल्या मिखाईल मात्वेयेव नावाच्या कॅप्टनला त्यांना गोळ्या घालायचं काम दिलं होतं, आणि पुढे त्याच्यावरच केस झाली तेव्हा त्याचे जबाब फायलीत राहिले, त्यात मेदगोराजवळच्या रस्त्याचा उल्लेख. २७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर १९३७, एक हजार एकशे अकरा माणसं. त्यात युक्रेनचे नाट्यदिग्दर्शक लेस कुर्बास होते, कवी मिकोला झेरोव होते, तिथल्या साहित्याची एक अख्खी पिढी. मात्वेयेव स्वतः गोळ्या घालायचा, एका दिवसात दोनशेवर.

कागदावर रस्ता सापडला पण जंगल तर केवढं. १ जुलै १९९७ ला इओफे, फ्लिगे आणि दिमित्रियेव तिघं तिथे गेले, मदतीला लष्कराची थोडी पोरं होती खोदायला. आणि दिमित्रियेव यांनी जमीन वाचली. एवढ्या वर्षांत त्यांची नजर तयार झालेली. पाईनच्या खाली सपाट जमिनीवर चौकोनी खळगे, जरा खचलेले, एकसारखे, एका ओळीत. माणसं पुरली की शरीरं विरघळतात आणि वरची माती बसते, आम्हाला हे फॉरेन्सिकमध्ये आहे पण पुस्तकात वाचणं वेगळं. पोरांनी खोदलं, खाली कवट्या, मागच्या बाजूला गोल भोक. अशा २३६ खड्ड्यांची मोजदाद झालीय आणि तिथे गोळ्या घातलेल्या सहा हजारांहून जास्त जणांची नावं दिमित्रियेव यांनी कागदांवरून लावली, साठेक वेगवेगळ्या जमातींची माणसं.

आम्ही आत गेलो तर सुरुवातीलाच मोठा दगड, त्यावर रशियनमध्ये कोरलेलं की माणसांनो एकमेकांना मारू नका. नांदेडचा पोरगा सतत बोलणारा, तो तिथून पुढे बोललाच नाही. खड्ड्यांवर लाकडी खांब रोवलेत, वर छोटं दोन उतारांचं छप्पर, कारेलियात जुन्या कबरींवर असतात तसे. आणि पाईनच्या झाडांवर फोटो. खिळ्याने ठोकलेले, प्लास्टिकमध्ये घातलेले, एनॅमलवर छापलेले, टोपी घातलेला बाप्या, चष्मेवाली बाई, दोन भाऊ एकाच फोटोत. कुणाचं कापडी फूल, कुणी रिबन बांधलेली. युक्रेनचा दगडी क्रॉस आहे, पोलंडच्या लोकांचं स्मारक, ज्यूंचं, मुसलमानांचं, एक छोटं लाकडी चॅपल. खाली शेवाळं आणि त्यात ब्रुस्निकाची लाल आंबट फळं पिकलेली. काका म्हणाले इथली फळं तोडू नका. आम्ही तोडणार नव्हतोच.

मी एमबीबीएसची म्हणून एक गोष्ट मला फार लागली, ती लिहिते. ज्यांना मारलं त्यांच्या बायकापोरांना तेव्हा सांगितलं जायचं की पत्रव्यवहाराची बंदी घालून दहा वर्षांची शिक्षा झालीय. म्हणजे वाट बघा. मग दहा वर्षं होऊन गेली, माणूस येईना, तेव्हा १९५५ मध्ये गुप्त सूचना निघाली की नातेवाईक विचारायला आले तर सांगा कॅम्पात वारला, आणि मृत्यूच्या नोंदीत एक तारीख आणि एक आजार लिहून द्या. म्हणजे सरकारी शिक्क्याचा डेथ सर्टिफिकेट, न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, साल १९४२ किंवा १९४४, आणि माणूस गेलेला १९३७ मध्ये डोक्यात गोळी बसून. घरोघरी अशा खोट्या दाखल्यावर लोकांनी मेणबत्त्या लावल्या. काकांच्या ओळखीतल्या एका म्हातारीकडे असा दाखला होता. तिने आयुष्यभर बापाची चुकीची तारीख पाळली आणि खरी तारीख तिला नव्वदच्या दशकात दिमित्रियेव यांच्या यादीतून कळली.

तिथे उभी असताना मला आजीची आठवण आली, कारण इकडे तेव्हा पितृपक्ष चालू होता. आजी सर्वपित्रीला ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांसाठी एक पान वेगळं काढते. दिमित्रियेव यांनी जे केलं ते मला असं समजलं की या माणसाने हजारो घरांना तिथी मिळवून दिली. तिथी, जागा आणि नाव. त्यांचा सगळा विचार यातच आहे, काकांनी सांगितला तो आणि नंतर मी वाचला तो: प्रत्येक माणसाला एक कबर असली पाहिजे, जिथे त्याचं कुणीतरी येऊन उभं राहू शकेल, आणि सरकारला माणूस मारून वर त्याचं नावही नाहीसं करायचा हक्क नाही. म्हणून ते आकड्यांवर भांडायचे नाहीत, नावावर भांडायचे. एकेका स्पेलिंगसाठी परत परत फायली बघायचे. कुणाचा नातू आला की त्याला यादीतली ओळ दाखवायची आणि जंगलात घेऊन जायचं. जे अजून आले नाहीत त्यांचे शोधायचे. तो युक्रेनचा आहे, पोलंडचा आहे, फिनिश आहे, अमेरिकेतून समाजवादाच्या ओढीने आलेला फिनिश आहे, गुप्त पोलिसांतला असून नंतर स्वतःच अडकलेला आहे, सगळ्यांची ओळ सारखीच.

इंटर्नशिपमध्ये मला आता फॉर्म चार भरावा लागतो, मृत्यूच्या कारणाचा. पहिल्यांदा भरला तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले, सिनिअर म्हणाला कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट टाक आणि सोड. हे सगळे टाकतात. मी टाकलं नाही, फाईल परत काढली, मूळ कारण शोधून लिहिलं, अर्धा तास गेला. सांदरमोखला गेले नसते तर मी टाकून मोकळी झाले असते, हे मला माहीत आहे.

परत गाडीत बसल्यावर मी विचारलं दिमित्रियेव आता कुठे आहेत, भेटता येईल का. काकांनी गाडी सुरू केली, रस्त्याला लागलो, मग सांगितलं. तुरुंगात.

१३ डिसेंबर २०१६ ला अटक झाली. निनावी तक्रार गेली होती की घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी दत्तक घेतलेल्या लहान मुलीचे कपडे नसलेले फोटो आहेत. त्यांचं म्हणणं असं की मुलगी अनाथालयातून आली तेव्हा फार अशक्त होती, बालकल्याणवाले कधीही विचारतील म्हणून तिच्या तब्येतीची नोंद ठेवायला ते फोटो काढलेले. एप्रिल २०१८ मध्ये पेट्रोझावोद्स्कच्या कोर्टाने त्या मुख्य आरोपांतून त्यांना निर्दोष सोडलं. रशियात निर्दोष सुटणं किती दुर्मिळ आहे हे तिथे राहिलेल्याला माहीत आहे. दोन महिन्यांत वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, परत अटक, आणि यावेळी आधीपेक्षा जड नवा आरोप, लैंगिक अत्याचाराचा. जुलै २०२० मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा, सगळ्यांना वाटलं आता नोव्हेंबरपर्यंत बाहेर येतील कारण बरेचसे दिवस तर आत काढलेच होते. सप्टेंबरमध्ये वरच्या कोर्टाने ती तेरा वर्षं केली. मग २७ डिसेंबर २०२१ ला पंधरा. आणि दुसऱ्याच दिवशी, २८ डिसेंबरला, रशियाच्या सुप्रीम कोर्टाने मेमोरियल संस्थाच बंद करायचा आदेश दिला. त्याच मेमोरियलला २०२२ चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

खटला बंद दाराआड झाला. दिमित्रियेव यांनी आरोप कायम नाकारले आहेत, मेमोरियलने त्यांना राजकीय कैदी मानलंय. मुलांवरच्या अत्याचाराचा आरोप ही फार गंभीर गोष्ट आहे, मी डॉक्टर होतेय, मी असा आरोप सहज बाजूला सारणार नाही, म्हणूनच मी घरी येऊन जेवढं मिळेल तेवढं वाचलं. आणि वाचून माझं मत असं झालं की हा माणूस निर्दोष आहे. एकदा सुटलेल्या माणसाची शिक्षा शून्यावरून साडेतीन, तेरा, पंधरा अशी चढत जाते आणि ती चढते नेमकी तेव्हाच जेव्हा सांदरमोखबद्दल दुसरी गोष्ट सांगायला सुरुवात झालेली असते, हे मला पचत नाही.

ती दुसरी गोष्ट अशी. २०१६ मध्ये पेट्रोझावोद्स्कच्याच दोन इतिहासकारांनी मांडलं की सांदरमोखच्या काही खड्ड्यांत १९४१ ते ४४ च्या युद्धात फिनिश सैन्याने मारलेले रशियन युद्धकैदी असू शकतात. मग लष्करी इतिहासाच्या सरकारी संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे खोदकाम केलं, हाडं काढून नेली, आणि म्हणाले बघा हे युद्धकैदी असतील. तिथे कैदी मारल्याचा एकही कागद कुणी दाखवलेला नाही. स्टॅलिनच्या माणसांनी केलेल्या कत्तलीचे कागद मात्र नाव-तारखेसकट आहेत. कबरस्तान असलेली जागा अशी उकरणं, ते पण घरच्यांना न विचारता, मला हे ऐकूनच कसंतरी झालं. मेदगोराच्या म्युझियमचे डायरेक्टर सेर्गेई कोल्तिरिन, सांदरमोखची देखभाल त्यांच्या म्युझियमकडे होती, त्यांनाही ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली, आरोप तसाच लहान मुलाशी संबंधित, नऊ वर्षांची शिक्षा आणि एप्रिल २०२० मध्ये तुरुंगाच्या हॉस्पिटलात कॅन्सरने गेले. काका हे सांगताना आवाज खाली करून बोलत होते, गाडीत आम्हीच असून.

दिमित्रियेव आता मॉर्डोव्हियातल्या कैद्यांच्या कॉलनीत, म्हणजे तुरुंगातच, आहेत, सत्तरीच्या घरातला माणूस. ऑगस्ट २०२४ मध्ये मोठी कैद्यांची अदलाबदल झाली, मेमोरियलचे ओलेग ओर्लोव सुटले, मी तेव्हा रात्री जागून यादी बघत होते, दिमित्रियेव यांचं नाव नव्हतं.

बरं, परत रिव्ह्यूकडे. सांदरमोखनंतर पोवेनेत्सला गेलो, तिथून बेलोमोर कालवा सुरू होतो, २२७ किलोमीटर, १९३१ ते ३३ मध्ये कैद्यांकडून वीस महिन्यांत खोदून घेतलेला, कुदळ, फावडी आणि ढकलगाड्या, मेलेल्यांचा सरकारी आकडाच बारा हजारांवर. पोवेनेत्सला सात लॉक एकापाठोपाठ जिन्यासारखे आहेत. एक बोट वर चढताना बघायला मिळाली, पाणी भरायला लागतो तेवढा वेळ लागतो. इथे खरं सांगायचं तर आम्ही थकलो होतो आणि डोक्यात सांदरमोखच होतं, त्यामुळे अर्ध्या तासात निघालो. तुम्हाला फक्त सांदरमोख करायचं असेल तर हे काढून टाका, चालेल.

जेवण मेदगोराला एका साध्या कॅन्टीनमध्ये, दुपारी अडीच झाले. माशाचं सूप उखा, बटाटा आणि बाजरीसारख्या दाण्यांच्या कलितकी, म्हणजे राय पिठाच्या उघड्या पारीत सारण भरून भाजलेल्या, वरून लोणी. सांगलीच्या पोराने सहा खाल्ल्या. मी व्हेज, मला बटाट्याच्या चालल्या पण उख्यातून मासा काढून देऊ का विचारलं त्यांनी, तेव्हा व्हेजवाल्यांनी डबा बरोबर न्या. थेपले, चिवडा, काहीही.

काय आवडलं नाही तेही लिहिते. गाडीचा मागचा हीटर चालत नाही, येताना मागच्या तिघांचे पाय गार पडले, काकांना सांगितलं तर म्हणाले दुरुस्त करायचाय, हे आधी सांगायला हवं होतं. दुसरं, काका पैसे आधी पूर्ण मागतात. आम्ही अर्धे दिले अर्धे नंतर, ऐकलं त्यांनी, पण बोलून ठेवा. तिसरं, नेहमीच्या प्लॅनमधली चाळीस मिनिटं ही सांदरमोखसाठी फारच कमी आहेत, फोटो काढून निघायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी एवढ्या लांब जाऊच नका. वेळेचं बुकिंग करतानाच ठरवा. आत टॉयलेट वगैरे काही नाही, मेदगोराला जाऊन घ्या. बूट वॉटरप्रूफ, शेवाळं ओलं असतं. स्वस्तात करायचं तर पेट्रोझावोद्स्कहून मेदगोरापर्यंत ट्रेनने जाऊन पुढे टॅक्सी करता येते, स्टेशनची जुनी लाकडी बिल्डिंग पण छान आहे, पण मग काका नाहीत, ते पुस्तक नाही, आणि झाडावरच्या फोटोतला माणूस कोण हे सांगायला कुणी नाही.

त्यासाठी चार हजार रूबल मी पुन्हा मोजेन. माझे पाचपैकी साडेचार, अर्धा हीटरचा.

उतरताना मी पुस्तक परत दिलं. माझ्या रूममेटने वाटेत त्यातलं एक नाव कागदावर लिहून घेतलं होतं, आमच्याच वयाची एक नर्स, आणि तिने काकांना विचारलं हिचा फोटो झाडावर आहे का. त्यांनी पान बघितलं आणि म्हणाले नाही, हिचं अजून कुणी आलेलं नाही. मग म्हणाले ५ ऑगस्टला या, तेव्हा दरवर्षी लोक जमतात, नावं वाचतात, तुम्ही हिचं वाचा. मी तर आता इथे आहे. रूममेट अजून तिकडे आहे, तिने ऑगस्टची सुट्टी टाकलीय आणि काकांची गाडी पण बुक केलीय, दोन सीट रिकाम्या आहेत, कुणाला जायचं असेल तर मला मेसेज करा मी तिच्याशी जोडून देते.